चर्चची इमारत आणि तिच्या मंडळ्या: सॅनबॉर्न नकाशांच्या मोफत संग्रहाचं परीक्षण

अमेरिकेतल्या लहान गावातलं जुनं चर्च पाहिलं की बहुतेक वेळा दोन सालं दिसतात. दारावरच्या पाटीवर मंडळीच्या (तिथे उपासनेला जमणाऱ्या समुदायाच्या) स्थापनेचं एक, कोपऱ्यातल्या कोनशिलेवर दुसरं. यातलं एकही साल समोरच्या इमारतीचं असेलच असं नाही. पाटीवरचं साल मंडळीचं असतं, आणि मंडळी सुरुवातीची दहा-वीस वर्षं शाळेत, कोर्टाच्या खोलीत किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरलेली असू शकते. कोनशिला तर जुन्या इमारतीतून काढून नव्या भिंतीत बसवलेलीही सापडते. त्यात इमारत मूळ मंडळीने विकून टाकली असेल, घेणाऱ्यांनी तिचा मनोरा उतरवला असेल आणि पुढच्यांनी बाहेरून विटा चढवल्या असतील, तर स्थानिक स्मरणिकेत लिहिलेला इतिहास पाच-सहा पिढ्यांच्या ऐकीव माहितीची सरमिसळ होऊन बसतो.

मंडळीचा इतिहास आणि इमारतीचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करून मांडायच्या असतील, तर सध्या मोफत मिळणाऱ्या सेवांमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या (अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाच्या) संकेतस्थळावरचा सॅनबॉर्न नकाशांचा संग्रह पहिल्या क्रमांकाचा आहे. पाचपैकी साडेचार तारे द्यायला हरकत नाही. अर्धा तारा शोधाच्या सोयीसाठी कापला आहे. नकाशांच्या गुणवत्तेबद्दल तक्रार नाही.

हे नकाशे आगीच्या विम्यासाठी काढलेले आहेत. डॅनियल सॅनबॉर्न या सर्व्हेअरने १८६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली. विमा कंपन्यांना दूरच्या गावातली इमारत न बघता हप्ता ठरवायचा असे, म्हणून कंपनीचे सर्व्हेअर गावोगाव जाऊन प्रत्येक इमारत मोजत. भिंत कशाची, छप्पर कशाचं, मजले किती, आत शेगडी आहे की भट्टी, दिवे तेलाचे की विजेचे, पाण्याचा नळ किती लांब, हे सगळं कागदावर येई. नकाशाचं माप सहसा १ इंचाला ५० फूट, आणि कागद साधारण २१ बाय २५ इंचांचा. गाव वाढलं की काही वर्षांनी नवी आवृत्ती निघे. पुढे या धंद्यात कंपनीला स्पर्धकच उरला नाही. लायब्ररीकडे सुमारे १२,००० गावं-शहरांचे मिळून अंदाजे ७ लाख कागद आहेत. काही कॉपीराइटसाठी जमा झालेले, तर मोठा गठ्ठा १९६७ मध्ये जनगणना खात्याकडून आलेला. २०१७ पासून ते रंगीत स्कॅन होऊन मोठ्या संख्येने ऑनलाइन आले.

‘रंगीत’ हा शब्द इथे कळीचा आहे. याच नकाशांची एक सशुल्क आवृत्ती अनेक वाचनालयांमार्फत मिळते. ती जुन्या मायक्रोफिल्मवरून केलेली, म्हणजे काळी-पांढरी. गावाचा आराखडा बघायला ती पुरते, पण चर्चच्या इमारतीसाठी तिचा उपयोग निम्म्याने कमी होतो. कारण सॅनबॉर्नच्या नकाशात भिंतीचं साहित्य रंगाने सांगितलेलं असतं: पिवळा म्हणजे लाकडी, गुलाबी म्हणजे विटांचा, निळा म्हणजे दगडी, करडा म्हणजे लोखंडी किंवा पत्र्याचा. काळ्या-पांढऱ्या प्रतीत पिवळा आणि गुलाबी जवळजवळ सारखेच दिसतात, आणि १८९० चं लाकडी चर्च १९१० मध्ये विटांचं झालं हीच नेमकी बातमी हातून निसटते. सशुल्क सेवा वापरावी ती पुढच्या दशकांच्या ज्या आवृत्त्या मोफत संग्रहात सापडत नाहीत तेवढ्यांसाठी.

वापरायची पद्धत सरळ आहे, पण क्रम पाळायला हवा. संग्रहात आधी राज्य, मग काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), मग गाव निवडायचं. शोधखिडकीत चर्चचं नाव टाकून काही हाती लागत नाही, कारण नकाशावर छापलेली अक्षरं शोधयंत्राला वाचता येत नाहीत. शोध गावाच्या नावानेच चालतो. गाव सापडलं की उपलब्ध असलेल्या सगळ्या आवृत्त्यांची सालं आधी एका कागदावर उतरवून घ्यावीत. एकच आवृत्ती उघडून निष्कर्ष काढणं ही या कामातली सगळ्यांत सामान्य चूक. एक नकाशा फक्त एका दिवसाची स्थिती सांगतो. इतिहास दोन नकाशांच्या फरकात असतो.

प्रत्येक आवृत्तीचा पहिला कागद नीट वाचावा. त्यावर महिना आणि साल, गावाची लोकसंख्या, आगीचा बंब आहे की नाही, पाण्याची सोय काय, वाऱ्याची नेहमीची दिशा कोणती, इतकं सगळं असतं. रस्त्यांच्या सूचीखाली किंवा शेजारी खास इमारतींची सूची असते. हॉटेलं, शाळा, गिरण्या आणि चर्चेस त्यात नावानिशी येतात आणि पुढे कागदाचा क्रमांक दिलेला असतो. लहान गावाला दोन-तीनच कागद असले तरी ही सूची पाहावी. तिच्यात त्या साली गावात कोणकोणत्या मंडळ्यांच्या इमारती होत्या त्याची तयार यादी मिळते. पाच आवृत्त्यांच्या पाच सूच्या शेजारी-शेजारी मांडल्या की कोणतं नाव कधी आलं, कधी गेलं, हे अर्ध्या तासात दिसतं. स्थानिक इतिहासात हे कोडं सोडवायला एरवी कितीतरी जास्त वेळ जातो.

आता खुद्द चर्चच्या आकृतीकडे. समजा पिवळा आयत आहे, रस्त्याच्या बाजूला त्याला छोटा चौकोन जोडलेला आहे, आणि आत लिहिलंय ‘एम. ई. चर्च’. खाली बारीक अक्षरांत उष्णता शेगड्यांची, दिवे तेलाचे. कोपऱ्यात फुली, आणि १८ फूट असा आकडा. याचा अर्थ: मेथडिस्ट एपिस्कोपल (एक प्रॉटेस्टंट पंथ) मंडळीचं लाकडी चर्च, छप्पर लाकडी शिंगलांचं, म्हणजे पातळ फळ्यांच्या तुकड्यांचं (फुली म्हणजे शिंगल, पोकळ वर्तुळ म्हणजे स्लेट किंवा पत्रा), वळचणीपर्यंतची उंची १८ फूट, पुढचा छोटा चौकोन म्हणजे मनोरा किंवा बंदिस्त प्रवेश. चौकोनात ६० किंवा ७५ असा मोठा आकडा असेल तर ती मनोऱ्याची उंची. पुढच्या आवृत्तीत फुलीच्या जागी वर्तुळ आलं तर छप्पर बदललं. मनोऱ्याचा आकडा गायब झाला तर त्या दोन सालांच्या मधल्या काळातल्या वर्तमानपत्रात वीज पडल्याची किंवा वादळाची बातमी शोधावी. शेगड्यांच्या जागी भट्टी आली तर बहुतेकदा खाली तळघर खणलं गेलंय, आणि तळघर खणायचं तर लाकडी चर्च जॅकवर उचलावं लागतं. अशा वेळी आकृती तशीच राहून जागा काही फूट सरकलेली दिसते.

हे सरकणं ओळखण्यासाठी मोजमाप करावं लागतं. पडद्यावर नकाशा लहान-मोठा होतो, त्यामुळे इंचांच्या हिशेबाने मोजता येत नाही. नकाशावर रस्त्यांची रुंदी फुटांत छापलेली असते, तिचाच आधार घ्यायचा. रस्ता ६६ फुटांचा लिहिला असेल आणि चित्रात तो १३२ पिक्सेल भरत असेल, तर २ पिक्सेलला १ फूट. मग चर्चची लांबी-रुंदी आणि दोन्ही रस्त्यांपासूनचं अंतर काढता येतं. मूळ कागदावर ४० बाय ६० फुटांचं चर्च जेमतेम पाऊण इंच बाय सव्वा इंच असतं, म्हणून २-३ फुटांचा फरक खरा धरू नये. ५ फुटांच्या आतला बदल हा कागदाच्या आकुंचनाचा किंवा आखणाऱ्याच्या हाताचा असू शकतो. १० फुटांचा फरक दिसला तर तो खरा धरायला हरकत नाही.

ज्यांना दोन आवृत्त्या एकावर एक ठेवून पाहायच्या आहेत त्यांनी सर्वांत मोठ्या आकाराची प्रत उतरवून घ्यावी आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत बसवावी. पहिल्या दर्जाच्या पॉलिनॉमियल रूपांतराला (नकाशा फिरवून, ताणून जागेवर बसवण्याची साधी पद्धत) किमान ३ बिंदू, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही नकाशांत ओळखता येणाऱ्या जागा, लागतात, पण ६ तरी घ्यावेत, आणि ते कागदभर पसरलेले असावेत. बिंदू म्हणून प्लॉटच्या सीमारेषांचे कोपरे किंवा अजून उभी असलेली विटांची बँक, कोर्ट अशा इमारतींचे कोपरे घ्यावेत. रस्त्याच्या आजच्या कडेवर विसंबू नये, कारण पुढे रस्ते रुंद झालेले असतात. आणि ज्या चर्चचा शोध चालू आहे त्याचाच कोपरा बिंदू म्हणून चुकूनही वापरू नये. तसं केलं की इमारत हललीच नव्हती असं उत्तर आपोआप मिळतं, आणि ते खोटं असू शकतं.

लाकडी चर्च हलवणं त्या काळात नवलाचं नव्हतं. मंडळीला मुख्य रस्त्यावर जागा मिळाली की जुनी इमारत तुळयांवर चढवून, गोल ओंडक्यांवरून ओढत नेत. किंवा नवी विटांची इमारत बांधायची म्हणून जुनी त्याच प्लॉटच्या मागच्या बाजूला सरकवून शब्बाथशाळेसाठी (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी) ठेवत. नकाशात हे असं दिसतं: जुन्या जागी नवी गुलाबी आकृती, मागे पिवळा आयत, आणि त्या पिवळ्या आयताचं माप पूर्वीच्या चर्चशी तंतोतंत जुळतं. कधी तो पूर्ण दुसऱ्याच गल्लीत सापडतो, वेगळ्या मंडळीच्या नावाने. माप जुळलं, मनोऱ्याचा चौकोन त्याच बाजूला असला आणि जुन्या जागेवरून इमारत त्याच काळात नाहीशी झालेली असली, तर ती हलवली गेल्याची दाट शक्यता आहे. तरी खात्री वर्तमानपत्रातूनच करावी.

मापं जुळण्यात आणखी एक पेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेथडिस्टांनी चर्चबांधणीला मदत करणारं स्वतंत्र मंडळ काढलं होतं, आणि त्या काळात तयार आराखडे टपालाने विकत मिळत. त्यामुळे शंभर मैलांवरच्या दोन गावांत हुबेहूब सारखी चर्चेस सापडतात. खिडक्यांच्या कमानी बघून किंवा शेजारच्या गावातल्या चर्चशी तुलना करून साल ठरवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

विटांच्या बाबतीत तर फार सावध राहावं. आज लाल विटांचं दिसणारं चर्च आतून जुनं लाकडीच असू शकतं. बाहेरून एक थर विटा चढवल्या की सॅनबॉर्नवाले आकृती पिवळीच ठेवून तिला गुलाबी किनार देतात. आख्खी गुलाबी आकृती म्हणजे भार पेलणाऱ्या विटांच्या भिंती. हा फरक पडद्यावर ठळक करण्यासाठी पुरेसं मोठं करून पाहावं, आणि त्याच आवृत्तीतल्या खुणांच्या तक्त्याशी ताडून घ्यावा, कारण काळानुसार खुणांमध्ये थोडे बदल झालेले आहेत. जागेवर पडताळायचं असेल तर खिडकीच्या चौकटीची खोली पाहावी. विटा नुसत्या चढवलेल्या असतील तर भिंतीत ठरावीक अंतराने आडव्या (नुसतं टोक बाहेर दिसणाऱ्या) विटांचा बांधणीचा थर सहसा दिसत नाही.

आकृतीच्या एका बाजूला अर्धवर्तुळाकार किंवा बहुकोनी फुगवटा दिसला तर तो बहुधा अ‍ॅक्रन पद्धतीचा भाग असतो. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन इथे लुईस मिलर या उद्योजकाच्या पुढाकाराने मेथडिस्ट मंडळीने १८७० च्या सुमारास अशी शब्बाथशाळा उभारली, मधे मोकळा हॉल आणि भोवती वर्गखोल्या, मध्ये सरकते किंवा दुमडणारे पडदे. पुढची तीस-चाळीस वर्षं ही पद्धत फार चालली. पहिल्या महायुद्धाच्या आसपास शिक्षणाची पद्धत बदलली, वयानुसार पूर्ण वेगळे वर्ग हवेत असं ठरलं, आणि अनेक मंडळ्यांनी तो भाग भिंतींनी बंद केला किंवा पाडून आयताकृती शिक्षण-इमारत जोडली. १९२० नंतरच्या नकाशात चर्चला चिकटलेला नवा आयत दिसतो तो बहुधा हाच.

इमारतीचं इतकं झालं. मंडळ्यांचा भाग नकाशात कमी शब्दांत असतो आणि वाचायला अवघड असतो. नकाशावरचं नाव बदललं म्हणजे इमारत विकली गेली, असं समजणं ही दुसरी मोठी चूक. पुष्कळदा माणसं तीच, बाकंही तीच, आणि बदललेला असतो फक्त वरचा पंथ. मेथडिस्टांचं उदाहरण घ्या. गुलामगिरीच्या प्रश्नावर १८४४ मध्ये फूट पडली आणि दक्षिणेतला गट १८४५ पासून वेगळा झाला. नकाशात ‘एम. ई. चर्च’ आणि ‘एम. ई. चर्च, साउथ’ अशी दोन नावं एकाच गावात दिसतात, विशेषतः मिसुरी, केंटकीसारख्या उत्तर-दक्षिण सीमेवरच्या राज्यांत. १९३९ मध्ये हे दोन्ही गट आणि १८३० चे मेथडिस्ट प्रॉटेस्टंट एकत्र आले. १९६८ मध्ये इव्हँजेलिकल युनायटेड ब्रदरनशी मिळून आजचा युनायटेड मेथडिस्ट पंथ झाला. म्हणजे १९३० च्या नकाशातली दोन मेथडिस्ट चर्चेस १९५० मध्ये एक झालेली दिसली तर कारण शोधायला गावाबाहेर बघावं लागतं. एकाच पंथाकडे एका गावात दोन इमारती झाल्या, तर एक विकायला निघणार हे उघड आहे. अशा रिकाम्या झालेल्या इमारती घेणाऱ्यांत नझरीन (१९०८) किंवा असेंब्लीज ऑफ गॉड (१९१४) अशा नव्या पंथांची नावं जरूर तपासावीत.

प्रेस्बिटेरियनांत कंबरलँड प्रेस्बिटेरियन हा १८१० चा गट. १९०६ मध्ये त्याचा मोठा भाग मुख्य प्रवाहात विलीन झाला आणि उरलेल्यांनी विरोध केला. इमारत कोणाची यावर खटले झाले. त्या सुमारास नकाशात ‘कंबरलँड’ हा शब्द गळलेला दिसला तर काउंटीच्या कोर्टाच्या नोंदी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. काँग्रिगेशनल चर्चचं नाव १९५७ नंतर अनेक ठिकाणी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट होतं. लुथरन मंडळ्यांची नावं १९१८, १९६०, १९६२ आणि १९८८ या एकत्रीकरणांनी बदलत गेली. जर्मन लुथरन, जर्मन मेथडिस्ट यांतला ‘जर्मन’ शब्द १९१७-१८ च्या युद्धकाळात बऱ्याच ठिकाणी गळाला. मंडळी तीच राहिली.

सर्वांत फसवं नाव ‘ख्रिश्चन चर्च’. नकाशावर हे दोनच शब्द असतील तर ते डिसायपल्स ऑफ क्राइस्टचं असू शकतं, वाद्यसंगीताला विरोध करणाऱ्या चर्चेस ऑफ क्राइस्टचं असू शकतं (हे दोन गट १९०६ च्या सरकारी धार्मिक गणनेत पहिल्यांदा वेगळे मोजले गेले), किंवा १९३१ मध्ये काँग्रिगेशनलांना मिळालेल्या तिसऱ्याच गटाचं. नकाशावरून हे ठरवता येत नाही आणि ठरवूही नये.

कृष्णवर्णीय मंडळ्यांची चर्चेस नकाशात बहुधा वेगळी खूण लावून दाखवलेली असतात. ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, १८१६), ए.एम.ई. झायन (१८२१), सी.एम.ई. (कलर्ड मेथडिस्ट एपिस्कोपल, १८७०) अशा नावांपुढे अनेकदा कंसात त्या काळचा भेददर्शक शब्द छापलेला असतो. वाचताना तो बोचतो, तरी नोंद घेताना गाळू नये, कारण गावाने लिहिलेल्या जुन्या इतिहासात या मंडळ्यांचा उल्लेखही नसतो आणि पुष्कळदा हा नकाशा त्यांच्या इमारतीचा एकमेव छापील पुरावा असतो. ही चर्चेस बहुधा गावाच्या कडेला असतात, आणि सॅनबॉर्नची सगळ्यांत मोठी मर्यादाही तिथेच आहे: कंपनीने मोजला तो विम्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. बाजारपेठ, गिरणी, स्टेशन हमखास येतात. कडेची वस्ती पहिल्या दोन-तीन आवृत्त्यांत नसतेच. त्यामुळे १८९२ च्या नकाशात चर्च नाही आणि १९०१ च्या नकाशात आहे, याचा अर्थ ते मधे बांधलं असा होत नाही. आधी पाहावं की १८९२ च्या नकाशात तो ब्लॉक (रस्त्यांनी वेढलेला जमिनीचा तुकडा) तरी काढला होता का. खेड्यातली, शेतांमधली एकांडी चर्चेस तर या संग्रहात सापडणारच नाहीत. तशा चर्चसाठी ही सेवा कामाची नाही.

इतर अडचणी थोडक्यात. मोठ्या गावांच्या काही प्रतींवर पुढच्या वर्षांतल्या दुरुस्त्यांचे कागदी तुकडे चिकटवलेले आहेत. नोंदीत दोन सालं दिली असतील तर नकाशावर दिसणारं चर्च या दोन सालांमधलं कुठलंही असू शकतं, आणि तुकड्याखाली काय होतं ते दिसत नाही. तुकड्याची कड थोडी गडद दिसते, ती पाहून सावध व्हावं. आकृतीत ‘आराखड्यावरून’ अशा अर्थाची टीप असेल तर सर्व्हेअरने इमारत पाहिलेली नाही, नुसते कागद पाहिलेत. बांधताना मनोरा रद्द झाला असेल तरी नकाशात तो राहतो. ‘बांधकाम चालू’ अशी टीप मात्र सोन्याच्या मोलाची, कारण नकाशाचा महिना आणि साल म्हणजेच बांधकामाचा काळ. काही लहान गावं शेजारच्या मोठ्या गावाच्या आवृत्तीत शेवटच्या कागदावर घातलेली असतात. गाव यादीत नसेल तर काउंटीतली सगळी गावं उघडून पाहावीत.

नकाशांनी दोन कुंपणं मिळतात: या सालापर्यंत नव्हतं, या सालापासून आहे. नेमका दिवस हवा तर लायब्ररीचाच वर्तमानपत्रांचा संग्रह, क्रॉनिकलिंग अमेरिका, वापरावा. तिथे चर्चचं संक्षिप्त नाव शोधू नये. ‘एम. ई.’ सारखी टिंबांची अक्षरं जुन्या छपाईच्या यांत्रिक वाचनात बिघडतात. त्याऐवजी कोनशिला, समर्पण (नवं चर्च उपासनेला खुलं करण्याचा विधी), कंत्राटदार, मनोरा, घंटा या अर्थांचे इंग्रजी शब्द गावाच्या नावाबरोबर टाकावेत आणि कालमर्यादा नकाशांनी दिलेल्या दोन सालांपुरती ठेवावी. बांधकाम वसंतात सुरू होऊन समर्पण शरदात किंवा पुढच्या वर्षी होतं, त्यामुळे दोन्ही टोकांना एक वर्ष वाढवून घ्यावं. समर्पणाच्या बातमीत खर्च, बाकी कर्ज, घंटेचं वजन आणि पाहुण्या धर्मोपदेशकाचं नाव सहसा मिळतं.

मंडळीची सभासदसंख्या हवी असेल तर १९२६ ची धार्मिक गणना. अमेरिकन सरकारने १९०६, १९१६, १९२६ आणि १९३६ मध्ये पंथवार गणना केली, पण प्रत्येक मंडळीने भरलेली मूळ पत्रकं मोठ्या प्रमाणात टिकली ती १९२६ चीच. त्यात स्त्री-पुरुष सभासद, १३ वर्षांखालचे आणि वरचे, इमारतींची संख्या, किंमत, त्यावरचं कर्ज, पाळकगृह (धर्मोपदेशकाचं घर), शब्बाथशाळेतली मुलं, सगळं येतं. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास केंद्राने ती डिजिटल करायला घेतली आहेत. पत्रकं पंथानुसार लावलेली असल्याने आधी पंथ पक्का हवा, आणि इथे ‘ख्रिश्चन चर्च’ चा प्रश्न पुन्हा आडवा येतो. तिन्ही गटांची पत्रकं तपासली की उत्तर मिळू शकतं. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेखाली झालेल्या चर्च-दप्तरांच्या याद्याही पाहाव्यात. सगळ्या काउंट्यांच्या झाल्या नाहीत, पण झाल्या तिथे मंडळीच्या आधीच्या इमारतींची सालं दिलेली असतात.

शेवटी मालकी. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात खरेदीखतांची विकणारा आणि घेणारा अशी दोन सूचीपुस्तकं असतात. चर्च तिथे स्वतःच्या नावाने असतंच असं नाही. अनेकदा ते ‘विश्वस्त’ या शब्दाखाली किंवा एखाद्या विश्वस्ताच्या आडनावाने चढलेलं असतं. म्हणून सूचीत नाव सापडलं नाही तर लॉट (प्लॉट) आणि ब्लॉकच्या क्रमांकाने मागे जावं. सॅनबॉर्नने छापलेला ब्लॉक क्रमांक कंपनीचा स्वतःचा असू शकतो. तो थेट खताच्या शोधासाठी न वापरता गावाच्या मूळ आखणीशी जुळवून घ्यावा. मेथडिस्टांच्या खतात मालमत्ता पंथासाठी विश्वस्त म्हणून धरल्याचं कलम असतं, त्यामुळे मंडळी फुटली तरी इमारत फुटून निघालेल्या गटाकडे सहज जात नाही. काही जुन्या दानपत्रांत उपासना बंद झाल्यास जमीन दात्याच्या वारसांकडे परत जाईल अशी अट असते. मंडळी गेली, वारसांनी जमीन घेतली आणि इमारत उचलून दुसरीकडे नेली गेली, असा क्रम खतांत दिसला तर नकाशातला दुसऱ्या गल्लीत अचानक उगवलेला पिवळा आयत पुन्हा एकदा मोजून पाहावा.

नोंदी ठेवताना प्रत्येक निष्कर्षापुढे गाव, काउंटी, राज्य, आवृत्तीचा महिना आणि साल, कागद क्रमांक, ब्लॉक क्रमांक लिहावा, आणि त्या ब्लॉकचा कापलेला तुकडा त्याच नावाने साठवावा. संकेतस्थळाचे दुवे पुढे बदलू शकतात. कागद क्रमांक छापील आहे, तो बदलणार नाही.